मळमळ पोटाची की गर्भाची?

पावसाळ्यात सुरतेत उलट्या-जुलाबांचे रोगी वाढतात. अशा दिवसांत नव्या सुनेला मळमळले, की घरची वडील मंडळी बाहेरच्या खाण्याला बोल लावतात. (बिचारा लोचो उगाच बदनाम होतो!) वस्तुतः पहिला प्रश्न पाळीच्या तारखेचा, पण संकोचापायी तोच कोणी विचारीत नाही.

गर्भाची मळमळ बहुधा शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या सुमारास लागते व पुष्कळ आठवडे टिकते. सोबत थकवा, छाती दुखरी होणे, फोडणीचाही वास नकोसा वाटणे. ताप आणि जुलाब मात्र गर्भाची लक्षणे नव्हेत. पोटाचा विकार अचानक येतो व बहुधा थोड्या दिवसांत ओसरतो. दोन्ही एकदमही असू शकतात, म्हणून पाळी चुकली असल्यास ‘निश्चय’ किंवा दुकानात मिळणाऱ्या दुसऱ्या पट्टीवर सकाळच्या लघवीची तपासणी करावी; डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध देऊ नये.

डोळे पिवळे दिसल्यास थांबू नये. दूषित पाण्यातून होणारी ‘हेपेटायटिस ई’ कावीळ गर्भवतीच्या जिवावर बेतू शकते. पाळी चुकून ओटीपोटात एका बाजूस तीव्र कळ किंवा घेरी आली, तर गर्भ नळीत रुजला असण्याचा संभव असतो. तेव्हा रात्र असली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे.