बाळ दूध का ओढत नाही?

दूध ओढणे तान्ह्या बाळाला उपजतच येते, असे आपण सारे धरून चालतो. पूर्ण दिवसांच्या बाळापुरते ते बहुधा खरेही असते. ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे मात्र तसे नसते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रिया एका तालात बसाव्या लागतात. घशात दुधाची वाट व हवेची वाट एकमेकींना छेदतात, म्हणून गिळताना श्वास क्षणभर थांबतो. ताल चुकला की दूध श्वासनळीत जाते, नाहीतर बाळ निळे पडते. गर्भजल गिळण्याचा सराव बाळाने पोटातच केलेला असतो. परंतु तिन्हींचे जुळणे ३४व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. शिवाय अशा बाळाच्या गालांत चरबीची गादी पुरती भरलेली नसते, त्यामुळे ओढ धरत नाही.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने हे का लिहावे? माझ्या थोरल्या बहिणीचे बाळ ३२व्या आठवड्यात झाले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, म्हणून डॉक्टरांचे कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले. नात्यातल्या बायका ताईला म्हणत, "तुला पान्हाच नाही," आणि बाळाला आळशी ठरवत. ताई ऐकून घेई. दोष दोघांचाही नव्हता. आठवडे भरले नव्हते, इतकेच.

अशा बाळाला प्रथम नळीने दूध देतात. पोट भरते, पण तोंडाला कामच उरत नाही. त्याच्या वाट्याला येतात चिकटपट्ट्या आणि नळ्या. यावर उपाय म्हणून तोंडाच्या स्नायूंना व्यायाम देण्याची पद्धत आली. प्रशिक्षित परिचारिका किंवा थेरपिस्ट हातमोजा घालून बाळाचे गाल, ओठ, हिरड्या व जीभ बोटाने हळुवार चोळते, मग रिकामी चोखणी देते. फुसील, गिझेल व लाऊ या संशोधकांनी २००२ साली ३२ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज १५ मिनिटे, त्यांपैकी १२ चोळण्याची व ३ चोखणीची, असे १० दिवस. व्यायाम मिळालेली बाळे सरासरी ११ दिवसांत पूर्णपणे तोंडाने पिऊ लागली; इतरांना १८ दिवस लागले. बाळांची संख्या थोडी, म्हणून यावर फार मोठा मनोरा रचू नये. पण सात दिवस म्हणजे काय, हे रोजगार बुडवून इस्पितळाच्या व्हरांड्यात झोपणाऱ्या बापाला विचारावे!

सर्वत्र चोखणी वापरतातच असे नाही. दूध काढून घेतलेल्या स्तनाला बाळ लावले, तरी ठसक्याचे फारसे भय न ठेवता चोखण्याचा सराव होतो. नळी आणि अंगावरचे दूध यांच्या मधल्या काळात वाटी-चमचा चालतो. आपल्या आज्यांचे बोंडलेही त्याच जातीचे; मात्र ते उकळून घेतलेले हवे आणि दूध घोटाघोटाने द्यायला हवे.

"सातव्याचे जगते, आठव्याचे नाही," हे मी गावात अनेकदा ऐकले आहे. वैद्यकशास्त्र नेमके उलट सांगते. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या कामी येतो.

हा व्यायाम ऐकीव माहितीवर घरी करू नये. परिचारिकेचे बोट गालावर असते, पण लक्ष बाळाच्या श्वासावर आणि रंगावर असते. बाळाने बोटे ताठ फाकली, तोंड फिरवले किंवा ओठ काळसर झाले, की ती तत्क्षणी थांबते, मग मिनिटे भरलेली असोत वा नसोत.