मार आधी की बाटली आधी?

दारू आणि मारहाण म्हटलं की आपल्याला पिऊन आलेला नवरा आणि मार खाणारी बायकोच दिसते. तेही खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) नवरा वरचेवर झिंगून येतो अशा घरांतल्या ७० टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. न पिणाऱ्या नवऱ्यांच्या घरी हे प्रमाण २३ टक्के होतं. त्याच पाहणीत पिणाऱ्या बायका दीड टक्काही भरत नाहीत, म्हणून पेला तिच्या हातात असेल ही शक्यता आपल्या मनातही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली देशोदेशीचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा जोडीदाराचा मार सोसलेल्या बायकांमध्ये दारूचे विकार इतर बायकांच्या जवळजवळ दुपटीने आढळले. यावर चारचौघांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पिते म्हणून मार खाते. दुसरा म्हणतो, मार खाते म्हणून पिते. लंडनच्या संशोधक कॅरन डेव्रीज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ज्यांत त्याच बायकांकडे काही काळाने पुन्हा जाऊन विचारलं होतं असे अभ्यास निवडून काढले, म्हणजे आधी काय आणि नंतर काय ते कळावं. उत्तर दोन्हीकडून आलं, आणि जवळजवळ सारख्याच मापाने! मार सोसलेली बाई पुढे पिऊ लागण्याची शक्यता साधारण सव्वापट, आणि पिणाऱ्या बाईला पुढे मार बसण्याची शक्यताही साधारण सव्वापट. (शक्यता वाढली म्हणून दोष तिच्याकडे जात नाही. हात उगारणारा हात उगारतो म्हणूनच मार बसतो.)

यातली मारातून पिण्याकडे नेणारी बाजू मला जास्त थक्क करते, कारण दारू खरोखरच काम करते. रात्री जिन्यावर पावलं वाजली, कडी खडखडली की अशा बाईच्या मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याचा भोंगा वाजवतो. वर्षानुवर्षं असं झालं की पावलं शेजाऱ्याची असली तरी तो वाजतो. दारू मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते, ग्लुटामेट या चेतवणाऱ्याचा दाबते, आणि थोड्याच वेळात भोंगा मंदावतो. व्यसनी माणूस चैनीसाठी नव्हे, तर आपल्या दुखण्यावर उतारा म्हणून नशा निवडतो, असं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांत्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलं. ते हेरॉइन आणि कोकेनबद्दल लिहीत होते, पण इथेही ते चपखल बसतं.

मात्र मेंदू हिशेबाला पक्का. रोज बाहेरून शांतता मिळू लागली की तो गाबाला दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेटचा जोर वाढवतो. मग पहाटे दारू उतरते तेव्हा भोंगा आधीपेक्षा मोठ्याने वाजतो. झोप मोडते, छातीत धडधडतं, घाम फुटतो. ही भीती नवऱ्याची की उतरत्या दारूची, हे तिला कळायला मार्ग नसतो. संध्याकाळी ती पुन्हा तोच उतारा घेते.

त्यात शरीरही तिच्या बाजूने नाही. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त चढते. जठरात दारू मोडणारं विकरही तिच्याकडे कमी काम करतं, असं इटली आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. संशोधक ईव्ह व्हॅलेरा यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मार सोसलेल्या ९९ बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणींच्या मेंदूला जोडीदाराच्या हातून एकदा तरी इजा झालेली होती. अशा इजेनंतर जीभ जड होते, तोल जातो, काय घडलं ते आठवत नाही. दारू चढल्यावरही हेच होतं! तोंडाला वास येत असेल तर ‘प्यायलीय’ म्हणून तिला बाजूला बसवलं जाणं आणि डोक्याचा मार निसटून जाणं किती सोपं आहे.

दारूचा त्रास तपासायला जगभर दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची यादी वापरतात. तिचा नववा प्रश्न असा: तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली आहे का? इजेमुळे पिणं सुरू झालं का, हा उलटा प्रश्न त्या यादीत नाही. आधी दारू सोडा, बाकीचं मग बघू, ही जुनी रीतही त्यातलीच. मानसशास्त्रज्ञ लिसा नाजाविट्स यांची ‘सीकिंग सेफ्टी’ ही उपचारपद्धती मनावरचा आघात आणि व्यसन या दोन्हींवर एकाच वेळी काम करते, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं.

तेव्हा डॉक्टर, नर्सताई, समुपदेशकांनो, पिणारी बाई समोर आली तर नवऱ्याला आणि सासूला बाहेर थांबवा आणि घरी कुणी मारतं का, हे तिला एकटीला विचारा. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला गरज असेल, तर महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे.