हाड धातूला धरते कसे?

पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवून घेणाऱ्या अनेकांना एक प्रश्न पडतो. जबड्यात स्क्रू तर घट्ट बसला, मग त्यावर दात बसवायला इतके आठवडे थांबायचे कशासाठी? याचे उत्तर त्या स्क्रूच्या पृष्ठभागावर दडलेले आहे.

१९५२ मध्ये स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमचे एक छोटे उपकरण बसवले होते. काम संपल्यावर ते काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला बिलगून वाढले होते. या प्रक्रियेला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव मिळाले. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्या रुग्णाला ते अखेरपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडले.

हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर तयार होतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर असते. हा थर धातूला गंजू देत नाही आणि शरीरही त्याला सहसा विरोध करत नाही. खरे तर हाडाची गाठ पडते ती या थराशी.

नाजूक आठवडे

पहिल्या दिवशी इम्प्लांटची पकड लाकडात पिळलेल्या स्क्रूसारखी असते. मग ड्रिलिंगमुळे दुखावलेले हाड शरीर झिजवू लागते आणि त्या जागी नवे हाड घडवू लागते. जुनी पकड सैल होत असते आणि नवी पुरती आलेली नसते, असे काही आठवडे मध्ये जातात. पूर्वीचे इम्प्लांट बरेच गुळगुळीत असत. तेव्हा खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या, तुलनेने मऊ हाडाच्या जबड्यात सहा महिने थांबावे लागे.

हा काळ कमी करण्यासाठी पृष्ठभागावर प्रक्रिया केली जाते. धातूवर बारीक, कठीण कणांचा जोरदार मारा करतात, मग तो तीव्र आम्लात बुडवतात. त्यामुळे एक-दोन मायक्रॉनचा खडबडीतपणा येतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून तो किती सूक्ष्म आहे याची कल्पना यावी. गिलावा धरावा म्हणून गवंडी भिंतीला टाचे मारतो, तसेच हे. रक्ताची गुठळी अशा पृष्ठभागाला नीट धरते आणि हाड घडवणाऱ्या पेशी तिच्या आधाराने धातूपर्यंत पोहोचतात. हाड चांगले असेल, तर अशा इम्प्लांटवर सहा ते आठ आठवड्यांतही दात बसवता येतो. काही इम्प्लांट मिठाच्या द्रावणात साठवतात. त्यामुळे पृष्ठभाग ओलावा चटकन धरतो आणि रक्त त्यावर लगेच पसरते.

कृत्रिम खुब्याच्या काही सांध्यांवर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा लेप देतात. हे हाडातील खनिजाशी मिळतेजुळते असते. मात्र, लेप नीट बसला नसेल तर तो सुटून येण्याचा धोका असतो.

खडबडीतपणाची दुसरी बाजू

जो पृष्ठभाग पेशींना आवडतो, तो जिवाणूंनाही आवडतो. दाताचा इम्प्लांट हिरडीतून तोंडात उघडतो. हाड खाली सरकून खडबडीत भाग उघडा पडला, तर त्यावर जिवाणूंचा थर साचतो आणि तो साफ करणे अवघड जाते. म्हणूनच अनेक इम्प्लांटचा हिरडीजवळचा भाग गुळगुळीत ठेवलेला असतो. फ्रॅक्चरसाठी बसवलेली, पुढे काढायची असलेली प्लेट गुळगुळीत असलेली बरी, तेही याच तर्काने. हाडाने ती घट्ट धरली, तर काढताना त्रास होतो.

रुग्णाच्या हाती काय?

उत्तम पृष्ठभागामुळे प्रतीक्षा कमी होते, संपत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीआधी त्या बाजूने कडक पदार्थ चावू नका. इम्प्लांट सतत हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती तयार होते आणि पकड कधीच येत नाही. धूम्रपान आणि नियंत्रणात नसलेला मधुमेह हाड भरून येण्यात अडथळा आणतात. याबाबत शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. दररोजची स्वच्छता आणि नियमित तपासणी आयुष्यभर चालू ठेवा. इम्प्लांटच्या वेष्टनावरील कंपनी, प्रकार आणि लॉट क्रमांकाचे स्टिकर मागून घ्या आणि फाइलमध्ये जपून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर योग्य सुटे भाग मिळवायला त्याचाच आधार असतो.