काय वाचावे, काय ऐकावे?

तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत उर्दूतून शिकता. त्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळांना मराठी म्हणजे परीक्षेचा एक पेपर वाटतो. पण आपले शहर मराठीतही बोलते. ते बोलणे कळले नाही, तर आपण आपल्याच शहरात पाहुण्यासारखे राहू. म्हणून पाठ्यपुस्तकाबाहेर काय वाचावे आणि काय ऐकावे, ते आज पाहू.

सुरुवात ओळखीच्या पुस्तकापासून करा. कृष्णचंदर हे उर्दूचे थोर कथाकार. 1977 साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांची 'दादर पुल के बच्चे' ही कादंबरी नारायण सुर्वे यांनी 'दादर पुलाकडील मुले' या नावाने मराठीत आणली. आधी उर्दूतील एक पान वाचा, मग तेच मराठीत वाचा. गोष्ट ठाऊक असली, की अडलेल्या शब्दाचा अर्थ आपोआप लागतो.

हे सुर्वे कोण? एका गिरणीकामगाराने त्यांना लहानाचे मोठे केले. परळच्या चाळीत ते वाढले. त्यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली आणि पुढे ते शिक्षक झाले. 1966 साली त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा कवितासंग्रह निघाला. रस्ता आणि कामगारवस्ती हेच त्यांचे विद्यापीठ होते. त्यांच्या कवितेची भाषा बोलण्यातली आहे. ती मोठ्याने वाचा.

वाचताना एक गंमत दिसेल. मराठीत फारसी-अरबीतून आलेले शेकडो शब्द आहेत. पण काहींनी अर्थ बदलला आहे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव! उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. असे शब्द वहीत टिपून ठेवा. दोन्ही भाषा एकमेकींच्या घरी कशा गेल्या, ते त्यातून कळते.

आता ऐकण्याविषयी. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर सादर केली. चाळीतले सगळे भाडेकरू तेच होत. तिचे ध्वनिमुद्रण मिळते. पहिल्यांदा नुसते ऐका. दुसऱ्यांदा पुस्तक समोर ठेवा. गिरगावात वा लालबागेत चाळ पाहिलेल्या मुलाला हसू आल्याशिवाय राहणार नाही. शाहीर अमर शेख यांचे नावही लक्षात ठेवा. त्यांचे मूळ नाव मेहबूब पटेल. बार्शीच्या या शाहिराने मराठी गाण्यांनी गिरणगावातील कामगारांच्या सभा गाजवल्या.

माहिती हवी असेल, तर मराठी विश्वकोश पाहा. त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला. आता तो इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. त्यातील 'उर्दू साहित्य' ही नोंद प्रथम वाचा. विषय आपलाच असल्याने लेखकाचे म्हणणे पटते की नाही, हेही तुम्हांला ठरवता येईल. वाचन म्हणजे नुसती मान डोलावणे नव्हे.

पुस्तके कोठे मिळतील? 1898 साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे. तेथे जा. आपली मराठी अडखळते म्हणून संकोच करू नका. पुस्तकाचे नाव कागदावर लिहून न्या. पण मागताना मात्र तोंडाने मागा. तुमचा पहिला धडा तेथेच होईल.