घरच्या व्यायामासाठी डंबेल्स घेताना: आधी हिशेब, मग खरेदी

नगर शहरात आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातल्या अभ्यासिकांमध्ये आम्ही तरुणांबरोबर काम करतो. तिथे अलीकडे पुस्तकांच्या यादीबरोबर आणखी एक प्रश्न हमखास येतो. घरी व्यायाम करायचा आहे, वजन कमी-जास्त करता येणारे डंबेल्स घ्यायचे आहेत, तर कोणते घ्यावेत? प्रश्न किरकोळ वाटेल. पण ज्या घराचा वर्षाचा हिशेब ऊसतोडीच्या उचलीवर किंवा एमआयडीसीतल्या कंत्राटी पगारावर बसवलेला असतो, तिथे दोन-तीन हजारांची चुकीची खरेदी किरकोळ नसते.

घरीच का, याचेही कारण आहे. जिम तालुक्याच्या गावी, त्यात महिन्याची फी आणि रोजचे जाणे-येणे. मुलींच्या बाबतीत तर फीच्या आधी घरचे वेळ विचारतात. गावची तालीम आपल्या वस्तीतल्या पोरांना नेहमीच आपली वाटली, असेही नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांनी तालीम चालवली आणि महात्मा फुले तिथे शिकले, या घटनेचे मोल म्हणूनच आपल्याला वेगळे वाटते.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पोलीस भरतीवाले. शिपाई पदाच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर धावणे 20 गुणांना, 100 मीटर 15 गुणांना आणि गोळाफेक 15 गुणांना असते. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. गोळा मुलांचा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. म्हणजे 35 गुण पायांचे आहेत आणि धावण्याला एक रुपयाही लागत नाही. डंबेल्सने खांदा, दंड आणि पाठ मजबूत होते. गोळाफेकीचे तंत्र मात्र गोळा हातात घेऊनच येते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर भरतीच्या मुलाने आधी चांगले बूट घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मूळ वस्तूकडे. सगळ्यात जास्त फसगत ‘20 किलोचा सेट’ या शब्दांत होते. हे 20 किलो सगळ्या प्लेटांचे मिळून असतात. दोन हातांत वाटले की एका डंबेलला 10 राहतात. शिवाय प्लेटा दोन्ही बाजूंना सारख्याच लावाव्या लागतात. समजा सेटमध्ये 3 किलोच्या चार आणि 2 किलोच्या चार प्लेटा आहेत. मग रॉडचे वजन सोडून एका डंबेलवर 4, 6 आणि 10 एवढीच वजने बसतात. सहा किलो सोपे झाले की पुढची उडी थेट दहाची. खांद्याच्या व्यायामात ही उडी झेपत नाही, मग पोरगा कंबर वाकवून झटका देतो आणि दुखणे घेऊन बसतो. याच सेटमध्ये 1 किलोच्या चार प्लेटा जोडल्या की 2, 4, 6, 8, 10, 12 अशी सरळ पायरी तयार होते. मोठ्या आकड्याच्या सेटपेक्षा या चार छोट्या प्लेटा जास्त कामाच्या. दुकानदार सहसा त्या स्वतःहून दाखवत नाहीत, मागून घ्याव्यात.

प्लेटा दोन प्रकारच्या मिळतात. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट-वाळूसारखा माल भरलेल्या स्वस्त असतात, पण त्याच वजनाच्या लोखंडी प्लेटेपेक्षा बऱ्याच जाड. त्यामुळे आखूड रॉडवर दोन-तीनच बसतात आणि आपटल्या की कवच तडकून भुगा बाहेर येतो. ओतीव लोखंडाची प्लेट महाग पडते, पण पिढीभर टिकते आणि मोडीतही तिला भाव येतो. जुनी मिळाली तर बिनधास्त घ्या. गंज घासून रंग मारला की झाले. फक्त भोकाचे माप आपल्या रॉडशी जुळते का ते पाहा. मोठ्या जिममधल्या ऑलिंपिक प्लेटांचे भोक 50 मिलिमीटरचे असते, ती घरच्या बारीक रॉडवर डुगडुगते.

लॉककडे कुणी बघत नाही, आणि इजा होते ती तिथेच. नुसत्या स्प्रिंगचे लॉक डंबेल डोक्यावर उचलताना सरकू शकते. आटे पाडलेला रॉड आणि त्यावर रबरी वायसर असलेला नट घ्यावा. दर सेटनंतर नट हाताने आवळून पाहावा. घामाने आणि हालचालीने तो सैल होतो.

मोबाइलवर दिसणारे डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल्स जागा कमी घेतात, हे खरे. पण चांगल्या कंपनीची जोडी पाच आकड्यांत जाते, आतला भाग बिघडला तर तालुक्यात दुरुस्ती नाही आणि ते जमिनीवर टाकता येत नाहीत. अमेरिकेत जून 2025 मध्ये बोफ्लेक्सच्या 552 आणि 1090 या मॉडेलचे सुमारे 38 लाख डंबेल्स परत मागवावे लागले, कारण वापरताना प्लेटा निसटून पडत होत्या. हप्त्यावर ही वस्तू घेण्याचा विचार असेल तर तो सोडाच.

‘होम जिम’ म्हणताना वेगळी खोली गृहीत धरली जाते. आपल्याकडे त्याच दहा बाय दहात चूल, अभ्यास आणि झोप असते. शहाबादी फरशीवर वजन आपटले तर फरशी फुटते. ट्रकची जुनी ट्यूब कापून खाली अंथरली तरी भागते. व्यायाम झाला की नट काढून प्लेटा कॉटखाली आडव्या ठेवाव्यात. भिंतीला उभी टेकवलेली प्लेट लहान मुलाच्या पायावर पडते.

हे सगळे मुलांपुरते मानू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ स्त्री-पुरुषांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगते. शेतात राबणाऱ्या बाईला ‘तुला काय गरज’ म्हटले जाते. पण वाकून खुरपणे वेगळे आणि पाठ सरळ ठेवून मोजके वजन उचलणे वेगळे. सुरुवातीला 2 किलो पुरेत. राज्यात निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. तेव्हा धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

पाच-सहा घरांनी वर्गणी काढून एकच लोखंडी सेट विहाराच्या खोलीत किंवा अभ्यासिकेत ठेवणे आम्हाला सर्वांत परवडणारे वाटते. मुलींची वेळ वेगळी ठरवावी आणि ती भिंतीवर लिहावी, नाहीतर आठवड्यात सेट मुलांचाच होतो. घेताना पक्के बिल घ्या आणि प्लेटा किराणा दुकानाच्या काट्यावर मोजा. वजन कमी भरले तर त्याच दिवशी, बिल दाखवून बदलून मागा.