आमच्या आंब्याची वाळवी

ताईचे लग्न २०२२ च्या मे महिन्यात घरच्याच अंगणात झाले. मांडवाच्या आड येते म्हणून आंब्याची एक जाड फांदी मी कुऱ्हाडीने तोडली. तोडली म्हणजे कशी? हातभर लांबीचा खुंट तसाच ठेवून! उरलेले सरपण त्याच झाडाच्या बुंध्याशी रचून ठेवले. त्या वेळी माझे मलाच कौतुक वाटले होते.

२०२४ च्या डिसेंबरात खोडावर मातीचे लिंपण दिसू लागले. सरपणाच्या ढिगातून निघून ते थेट त्या खुंटापर्यंत गेले होते. वाळवी! बाबा म्हणाले, "झाड गेलेच समज. घरात शिरायच्या आत विकून टाकू." लाकूडवाला येऊन बुंध्याला दोरी लावून माप घेऊन गेला. झाड आजोबांनी लावलेले. आजी त्या दिवशी अंगणात आलीच नाही.

मी पडलो वाङ्मयाचा विद्यार्थी. वाल्मीकींच्या अंगावर वारूळ चढले होते, यापलीकडे माझे वाळवीविषयीचे ज्ञान नव्हते. सुदैवाने दापोलीला शेतकी शिकणारा एक मित्र सुटीत घरी आला होता. त्याने कोयत्याच्या मुठीने खोडावर ठिकठिकाणी ठोकून पाहिले. बहुतेक ठिकाणी भरीव आवाज आला, फक्त खुंटाखाली पोकळ. मग त्याने माती खरवडली. आत साल खाल्लेली होती, पण वरची, मेलेली. नखाने थोडे टोकरताच खाली हिरवा ओलावा दिसला.

तो म्हणाला, "अरे, हिने झाड मारलेले नाही. तू जे मारलेस ते ही खाते आहे."

त्याने सांगितले ते असे. आपल्याकडे आंब्यावर माती चढवणारी वाळवी राहते जमिनीत. तिचे अंग इतके नाजूक, की उघड्या हवेत ती सुकते. म्हणून मातीच्या आडोशाने प्रवास. मेलेली साल आणि कुजके लाकूड ती वारुळात नेते, आणि त्यावर चक्क बुरशीची बाग लावून ती बुरशी खाते! राणी खाली सुरक्षित असल्यामुळे खोडावरची वाळवी कितीही मारली तरी नवी येतच राहते. कोवळी कलमे मात्र ती मुळाशी खाऊन खरोखरच मारते, आणि श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत जिवंत झुडपांचे लाकूड पोखरणाऱ्या तिच्या जाती आहेत. मोठ्या आंब्याचा खरा वैरी भिरूड. खोडाला भोक आणि त्यातून भुसा गळताना दिसला, तर तो भिरूड. त्याला तारेने ओढून काढावा लागतो. आमच्या झाडाला तसले भोक नव्हते.

पूर्वी लोक बुंध्याशी बी.एच.सी. पावडर ओतत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. दुसरे औषध ओतावे, तर आमची विहीर आंब्यापासून दहा पावलांवर! तेव्हा विषाचा विचार सोडला. आधी सरपण आणि पातेरा दूर नेला. मग काथ्याच्या ब्रशाने सगळे लिंपण उतरवले. उघड्या पडलेल्या वाळवीचा समाचार मुंग्यांनी घेतला. खुंट करवतीने कापला, पण खोडाला अगदी सपाट नव्हे, तर फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो तो राखून. जखम भरणारी साल तिथूनच वाढते. पोकळीत सिमेंट भरायचा माझा बेत मित्राने हाणून पाडला. झाड वाऱ्याने हलते, सिमेंट हलत नाही. मधल्या फटीत पाणी मुरते.

शेवटी बोर्डो मलम. पाव किलो मोरचूद आणि पाव किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत कालवून एकत्र केले. पाणी सगळे मिळून अडीच लिटर. मिश्रणात चाकूचे पाते बुडवून पाहायचे. तांबूस झाले तर चुना कमी पडला. हे मलम वाळवीला मारत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला जखमेपासून दूर ठेवते, इतकेच.

तीन महिने दर रविवारी मी ब्रश घेऊन उभा असे. माती पुन्हा चढे, मी पुन्हा उतरवी. मार्चनंतर ती चढायची थांबली. लाकूडवाल्याला बाबांनी स्वतःच नकार कळवला. जखमेभोवती आता बोटभर नवी साल आली आहे. खुंटाच्या जागेखाली ठोकले, तर आवाज अजून पोकळच येतो. सरपण मात्र आजी आता न्हाणीघराच्या पलीकडे रचून घेते, आणि रचताना माझ्याकडे एकदा बघते.