चेंडू टाकणार कोण?

सॉफ्टबॉलच्या संघात मैदानावर नऊ खेळाडू उतरतात. शाळेच्या पटांगणावर असा संघ उभा करावयाचा झाला म्हणजे आठ जागांसाठी चटकन हात वर होतात. नवव्या जागेचे नाव निघताच मात्र मुलामुलींच्या नजरा जमिनीकडे वळतात. ही नववी जागा पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची. ‘गुरुजी, मला नको, तिला द्या,’ हे वाक्य आम्ही शिक्षकांनी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोण बोलले हे आता आठवतही नाही. ज्या जागेवाचून खेळ सुरूच होत नाही, तीच जागा कोणाला नको असते. असे का व्हावे आणि त्यावर उपाय काय, याचा विचार पालक व शिक्षक या दोघांनी मिळून करावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

हा खेळ आपल्यापैकी अनेकांना अपरिचित असेल, म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगतो. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी, थंडीच्या दिवसांत, एका क्लबच्या सभागृहात काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि काठीने तो टोलविण्यास आरंभ केला. त्या करमणुकीतून पुढे सॉफ्टबॉल घडला. भारतात या खेळाची संघटना १९६१ साली जोधपूर येथे दशरथमल मेहता यांच्या पुढाकाराने स्थापन झाली व पहिली राष्ट्रीय स्पर्धाही जोधपुरातच १९६७ साली भरली. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत हा खेळ चांगला रुजला असून तेथील शासनाच्या शिवछत्रपती पुरस्काराचे मानकरी ठरलेल्या खेळाडूंत सॉफ्टबॉलपटूही आहेत. आमच्या करजगीच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर, खो-खो आणि कबड्डी यांचे राज्य जुने आहे; सॉफ्टबॉल हा तेथील नवा पाहुणा.

आता पिचरचे काम पाहू. महिलांच्या सामन्यात ती होम प्लेटपासून ४३ फुटांवर उभी राहते. पुरुषांसाठी हे अंतर ४६ फूट आहे. चेंडू खालून टाकावयाचा असतो. दोन्ही हात एकत्र आणून क्षणभर स्तब्ध राहावयाचे, मग हात खांद्याभोवती एक पूर्ण वर्तुळ फिरवून मांडीजवळ चेंडू सोडावयाचा. पवनचक्कीच्या पात्यासारखी ही फिरकी असते, म्हणून या पद्धतीस विंडमिल असे नाव पडले. चेंडू १७ इंच रुंदीच्या प्लेटवरून, फलंदाजाच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतच्या पट्ट्यातून गेला पाहिजे. तो तसा गेला तर स्ट्राइक. बाहेरून गेला आणि फलंदाजाने बॅट फिरविली नाही तर बॉल. तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद होतो. चार बॉल झाले की त्यास पहिला बेस फुकटात मिळतो.

या फुकटच्या बेसातच पिचरच्या भीतीचे मूळ आहे. क्षेत्ररक्षकाच्या हातून झेल सुटला तर तो क्षणभराचा दोष. पिचरची चूक मात्र चार वेळा, सावकाश, सर्वांसमक्ष मोजली जाते. तोवर सारे मैदान तिच्याकडे पाहत असते. दुसरी भीती टोलविलेला चेंडू सरळ अंगावर येण्याची, आणि ती अगदीच निराधार नाही. तिसरी भीती हरल्यास नाव आपलेच निघेल ही. आमच्या भागात यात आणखी एक भर पडते. येथील मूल घरी मराठी बोलते, पुस्तकात कानडी वाचते आणि बाजारात दखनी ऐकते. तीन भाषांच्या संगमावर वाढणाऱ्या अशा मुलास एक सवय फार लवकर जडते: पुढे होऊन बोलण्याआधी दुसरा कोणी बोलतो का, हे पाहण्याची. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी आणि मैदानात चेंडू दुसरीकडे सरकविणारी मुलगी, या पुष्कळदा एकच असतात. महाराष्ट्राबाहेर मुले वाढविणाऱ्या घरांना ही सवय ओळखीची वाटेल. म्हणूनच पिचरची जागा हा आम्हांस केवळ खेळाचा प्रश्न वाटत नाही.

मग तिला पुढे कसे आणावे? उपदेशाने ते होत नाही. ‘घाबरू नकोस’ असे सांगितल्याने आजवर कोणाचीही भीती गेलेली नाही. भीतीचे कारण लहान केले म्हणजे भीती आपोआप लहान होते. यासाठी आम्ही चार गोष्टी करीत आलो.

पहिली गोष्ट, अंतर कमी करणे. अमेरिकेतही दहा वर्षांखालील मुली ३५ फुटांवरून व बारा वर्षांखालील मुली ४० फुटांवरून चेंडू टाकतात. आम्ही तर आरंभ पाच पावलांवरून करतो. शाळेच्या भिंतीवर खडूने एक चौकट काढावयाची आणि तीत चेंडू मारावयाचा. समोर फलंदाज नाही, प्रेक्षक नाहीत, गुणफलक नाही. नेहमीचा चेंडू १२ इंच परिघाचा असतो व तो लहान मुठीत मावत नाही. तेव्हा प्रारंभी चिंध्यांचा किंवा जुन्या मोज्यांचा चेंडू पुरतो. त्यास पैसा लागत नाही आणि तो लागला तरी दुखत नाही.

दुसरी गोष्ट, शेवटापासून शिकविणे. पूर्ण वर्तुळ एकदम दाखविले की मूल गोंधळते. म्हणून आधी केवळ मनगटाचा झटका. मग हात मागून पुढे आणणे. मग अर्धे वर्तुळ. मग पूर्ण वर्तुळ. आणि सर्वांत शेवटी पुढे टाकावयाचे पाऊल. येथे आमच्या शेतकऱ्यांच्या लेकी इतरांच्या पुढे असतात. जोंधळा हुरड्यात आला म्हणजे पाखरे हाकण्यासाठी माचावर उभे राहून गोफण फिरविणारी माणसे त्यांनी पाहिलेली असतात. गोफण डोक्यावरून फिरते आणि पिचरचा हात कुशीच्या बाजूने, हा भेद खरा. परंतु वेग वर्तुळातून येतो आणि नेम सोडण्याच्या क्षणातून, हे मर्म दोन्हींकडे सारखेच. भित्रे मूल चेंडू जपून, हळूच ढकलू पाहते. त्याने वर्तुळ मोडते आणि वेगाबरोबर नेमही जातो. म्हणून आरंभी चेंडू कोठेही जावो, हात मोकळा फिरू द्यावा.

तिसरी गोष्ट, पिचिंग ही शिक्षा किंवा परीक्षा न करता पाळी करणे. सरावात प्रत्येकाने पाच-पाच चेंडू टाकावयाचे. कोणीही सुटत नाही, म्हणून कोणीही एकटे पडत नाही. सर्वांचेच चेंडू भलतीकडे जातात हे सर्वांना दिसले की हसण्यातील विष निघून जाते. मग फलंदाज उभा करावा, पण त्याने बॅट फिरवावयाची नाही. त्यानंतर खरा फलंदाज, तोही पिचरच्या तोंडावर संरक्षक जाळी असेल तरच. सामन्यात पहिल्यांदा एकच डाव द्यावा आणि तो संपताच, खेळ कसाही झालेला असो, ठरल्याप्रमाणे बदलावे. आपल्याला काढून टाकले असे तिला वाटू नये.

चौथी गोष्ट, कॅचर म्हणून तिची मैत्रीण देणे. पिचरला समोर फलंदाज दिसतो तोवर भीती वाटते. मैत्रिणीचा हातमोजा दिसू लागला की चेंडूला पत्ता सापडतो. आमच्या एका अबोल विद्यार्थिनीने कितीतरी दिवस भिंतीवाचून कोठेही चेंडू टाकला नव्हता. शेजारच्या बाकावरची मुलगी कॅचर म्हणून बसू लागली आणि काही आठवड्यांनी ती पटांगणाच्या मध्यावर आली. तिने सामने जिंकून दिले, असे सांगण्याचा मोह होतो. पण तसे घडले नाही. घडले ते इतकेच की लागोपाठ चार बॉल गेल्यावरही तिने चेंडू परत मागितला. आमच्या मते तो दिवस विजयाचाच होता.

या संदर्भात जपानच्या युकिको उएनो हिचे उदाहरण मुलींना सांगण्यासारखे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने खेळून ४१३ चेंडू टाकले. त्यांतील पहिला सामना जपान अमेरिकेकडून हरला होता. दुसऱ्या दिवशी त्याच अमेरिकेला ३–१ असे हरवून जपानने सुवर्णपदक मिळविले. पुढे हा खेळ ऑलिंपिकमधून वगळला गेला. २०२१ साली टोकियोत तो परतला, तेव्हा वयाच्या ३९ व्या वर्षी ती पुन्हा मैदानाच्या मध्यावर होती आणि जपानने पुन्हा सुवर्ण जिंकले. २०२८ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकमध्येही सॉफ्टबॉलचा समावेश आहे.

मात्र तिचे धैर्य घ्यावे, तिचा ४१३ हा आकडा घेऊ नये. खालून चेंडू टाकल्याने खांद्यास इजा होत नाही, ही समजूत चुकीची आहे. खांद्यावर व कोपरावर मोठा ताण येतो. एकीच पिचर असलेला संघ तिलाच प्रत्येक सामन्यात राबवितो. पुढे ती दहावी होऊन शाळा सोडून जाते, किंवा घरच्यांनी लग्न ठरविले म्हणून मध्येच जाते, आणि मागे संघच उरत नाही. यासाठी प्रत्येक शाळेत निदान तीन मुलींना हे काम यावे. दुखू लागल्यास त्याच दिवशी थांबावे व मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावेत.

संकोच आणि अनिच्छा यांतला भेदही ओळखला पाहिजे. संकोची मूल दुसऱ्याचा चेंडू टक लावून पाहते, एकटे असताना हात फिरवून बघते. त्यास थोडा आधार हवा असतो. काही आठवडे प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही ज्यास त्यात गोडी वाटत नाही, त्यास सुखाने क्षेत्ररक्षण करू द्यावे. प्रयत्न करून ‘नको’ म्हणणे आणि न करताच ‘नको’ म्हणणे यांत अंतर आहे; पहिल्याचा मान राखावा.

पालकांना एवढीच विनंती. सामना पाहण्यास अवश्य या, परंतु रेषेबाहेरून सूचना ओरडू नका. चार बॉल मोजण्यास पंच समर्थ आहे. घरी परतल्यावर ‘किती हरलात?’ असे विचारण्याऐवजी ‘आज किती चेंडू टाकलेस?’ असे विचारा. अंगणाच्या भिंतीवर एक चौकट काढून द्या आणि संध्याकाळी दहा मिनिटे कॅचर म्हणून स्वतः समोर बसा. चेंडू चिंध्यांचा असला तरी चालेल.